गुणाची शेवटची

शिरूर अनंतपाळ,
दि. १० जून २०२४

चि. धोंडाबाईस,
दाजीकडून अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या कमरेचं हाड जुळलं का? व्यंकटचा खोकला गेला का? सूनबाई वर्षाराणीचे डोळे निवळले का? आणि तुझी म्हातारी शेळी हाय की गेली? इकडं मी ठीक. भागवत पुण्याहून रविवारी फोन करतो. तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून हा कागद काळा करून राहिलो. घरात बोलायला भिंतीच. त्या लई शहाण्या, उलटून बोलत नाहीत.

माघात गुणा गेली, तवा कमरेमुळं तुला मातीला येता आलं नाही. बहिणीचं काहीतरी माझ्यासाठी पाठवा, असं मागं लिहिलं होतंस. तर तिचा परसातला पांढरा वाल पाठवतो. औंदा वानरांनी वेल ओरबाडला, अकराच दाणे हाती लागले. तुझ्या परसाला जाळी हाय, म्हणून सगळे तुलाच. माझ्यापाशी एकही ठेवला नाही.

गुणा कुठंकुठं बी पाठवायची, तुला ठाऊकच. पहिल्या खेपेला निलंग्याला धाडलेलं बी पोस्टाच्या ठप्प्याखाली भरडलं, आणि त्या बाईनं डाळ पोचली म्हणून कळवलं. तवापासून तिची रीत ठरली. कीड लागू नये म्हणून गोवरीच्या राखेत दाणे, त्याची फडक्यात पुरचुंडी, वरून औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा. पुरचुंडी पाकिटाच्या खालच्या कोपऱ्यात, तिकीट वरच्या. म्हणजे ठप्पा लांब पडतो. वीस ग्रॅमच्या आत बसलं की साधं तिकीट पुरतं. पत्र आत घातलं तर वजन वाढतं, म्हणून हे निराळं टाकतो. पुठ्ठ्यावर ओळखीपुरतं लिहिलंय.

पोचल्याचं कळव. लोभ हायच, तो वाळू देऊ नकोस.
तुझा दाजी,
भुजंग


देगलूर,
दि. १७ जून २०२४

ती. दाजींस,
धोंडाबाईचा शि. सा. न. वि. वि.

तुमची तब्येत कशी? रातीला जेवता का दूधभाकरीवर भागवता?

पाकीट पोचलं. आत चिठ्ठी नव्हती. काय लिहिणार तुम्ही तरी. पुठ्ठ्यावरचं वाचलं: “गुणाची शेवटची. ओल लागू देऊ नये.” पुरचुंडी सोडली, राख दिसली, बोटाला कठीण लागलं, अन् मी ती पदरात घेतली. दाजी, माझ्या वाटणीची तुम्ही चार महिने जपून ठेवली. सख्खा भाऊ करणार न्हाई.

पण अशी रक्षा घरात ठेवू नये म्हणतात. व्यंकटनं ऑटो आणला. मला धरून लेंडी नदीच्या काठी नेलं, अन् मी माझ्या हातानं गुणाला पाण्यात सोडलं. व्यंकटनं मावशीसाठी केस दिले. गल्लीतल्या पाच बायका जेवू घातल्या. तोंड बघायला मिळालं न्हाई ही सल होती, ती गेली. लई दिवसांनी झोप लागली.

तुमचा जीव एकटा हाय, जपा. माया असू द्यावी.
तुमची मेहुणी,
धोंडाबाई


शिरूर अनंतपाळ,
दि. २४ जून २०२४

चि. धोंडाबाईस,
दाजीकडून अ. उ. आ. वि. वि.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. तू केलंस ते बरोबर केलंस, मनात किंतू ठेवू नकोस. गुणाला वाहतं पाणी आवडायचं. व्यंकटला म्हणावं, केस पुन्हा येतील.

मी तुला एक पत्र टाकलं होतं. पत्ता तुझा आणि पिन हाताच्या सवयीनं माझाच लिहिला. पत्ते गुणाच लिहायची ना. ते फिरून माझ्याच दारी आलं. पोस्टमन म्हणाला, काका, तुमचं पत्र आलंय. घडीभर बरं वाटलं, कुणीतरी लिहिलं म्हणून. त्यात विशेष काही नव्हतं.

घरात बोलणं भिंतींशीच. परसात औंदा काही लावलं नाही. मांडव रिकामा हाय, त्यावर मी धोतर वाळत घालतो.

सहज विचारतो, त्या पुरचुंडीच्या तळाला काही राहिलं होतं का? नसलं तरी हरकत नाही.

कमरेला शेक देत जा. आठवण ठेव.
तुझा दाजी,
भुजंग


देगलूर,
दि. ३ जुलै २०२४

ती. दाजींस,
धोंडाबाईचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही मला बरोबर पकडलं. राहिलं होतं. नदीवर सगळी सोडवेना, म्हणून व्यंकटची नजर चुकवून एक अस्थी मुठीत ठेवली अन् घरी येऊन तुळशीच्या कुंडीत पुरली. पाप झालं म्हणून मागच्या पत्रात लिहिलं न्हाई.

तर दाजी, त्या अस्थीला पानं फुटली. वर्षाराणीनं बघितलं अन् म्हणाली, “आत्याबाई, हाडाला कुठं पालवी येते, हा वाल हाय.” व्यंकट डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, म्हणजे मी वालासाठी केस दिले होय. आम्ही हसलो, मग मी आत जाऊन रडले. गुणाचं मी काय बुडवून आले, अन् तुम्ही मला काय लिहिलं, ते तवा उमगलं.

वेल आता वीतभर झालाय. शेळी दुसरीकडं बांधली. कुंडीतून जाळीत कसा हलवावा, मांडव किती उंच घालावा, इथं कुणाला ठावं न्हाई. शेंगा वाळल्या की बी तुमचंच, पण ते मी पोस्टानं धाडायची न्हाई. तुम्ही या. देगलूरची एसटी निलंग्याहून मिळते. चार दिवस राहा, मांडव घाला, भिंतींना घेऊ द्या विसावा.

येताना ते परत आलेलं पत्र आणा, ज्यात विशेष काही नव्हतं. अन् कोणत्या दिवशी येताय ते लवकर लिहा. पिन माझा घाला.
तुमची मेहुणी,
धोंडाबाई