मुसळावरून सुटलेला बेडूक

माय, तुझ्या न्हाणीतल्या बेडकाचा भाऊबंद मला मागच्या आठवड्यात दिसला. प्रत्यक्ष नाही, लेकीच्या फोनवर. मी सांभाराची जुडी निवडत बसले होते आणि तिने फोन नाकासमोरच धरला. सह्याद्रीतलं पावसाळी जंगल, उंचच उंच झाडं, आणि पार शेंड्याकडच्या फांदीवर एक हिरवागार बेडूक. बसला होता आपला निवांत, गळा हलवत. मग त्याने फांदी सोडली. मी "अगं!" म्हणून ओरडलेच. पण तो पडला नाही. चारही पंजे पसरले, बोटांमधली लालभडक कातडी छत्रीसारखी ताणली गेली आणि तिरपा तरंगत तो खालच्या झाडाच्या पानाला जाऊन चिकटला.

"हा तं माह्या मायच्या न्हाणीतला," मी म्हटलं. लेक हसली. "त्याच खानदानातला आहे न आई. पण आपल्या इकडच्याच्या बोटांत एवढा पडदा नाई, म्हणून तो नुसता उड्या मारते."

आपला तर रंगानेही मातकट होता. अल्लीपूरच्या घरी रांजणामागच्या भिंतीला चिकटून बसायचा. मी एकदा त्याला झाडूने खरवडून काढायला गेले, तेव्हा केवढी डाफरली होतीस! "ओढू नोको त्याले, बोटं तुटतीन. त्याले वाटन तवा तो सोडते." बाबा त्याला तुझा घरजावई म्हणायचे. खांद्यावर पंचा टाकून दाराबाहेर उभे राहायचे आणि विचारायचे, "जावायाची आंघोळ झाली काय वो? मंग मी जातो."

आणि ती धोंडी आठवते? पाऊस लांबला होता. आळीतल्या बायकांना मुसळाला कडुनिंबाचा पाला बांधून, त्यात बेडूक ठेवून घरोघरी फिरायचं होतं, दारोदारी वरून पाणी ओतून घ्यायचं होतं. पण विहिरीपाशी, नाल्यात, कुठेच बेडूक सापडेना. शेवटी शेजारच्या काकू आपल्या दारात आल्या. "दे वो बाई तुह्यावाला. एका घंट्याचं तं काम आहे." गावाच्या पावसाचा प्रश्न, तुला नाही म्हणता येईना. तू हात ओले केलेस, त्याला अलगद उचललंस आणि म्हणालीस, "बांधतो मीच." मी तुला खेटून उभी होते. तू सुतळीचे वेढे दिलेस, पाला नीट सारखा केलास, पण गाठ काही मारली नाहीस. सगळं गाव फिरून, चिंब भिजून बायका मारुतीच्या पारावर आल्या, सुतळी सोडली, तर आत नुसता पाला. काकूंचा आ तसाच राहिला. अर्ध्या गावाने रिकाम्या मुसळावर पाणी ओतलं होतं! मग भिंतीवर चढणारा बेडूक घेतलाच काऊन, यावरून जी जुंपली, ती दिवेलागणीपर्यंत. तू पदर तोंडाला लावून उभी. बेडूक काही दिवसांनी पुन्हा रांजणामागे दिसला. पाऊस कधी आला ते मला आठवत नाही, तुझं हसू आठवतं.

लेकीला आता त्या उडत्या बेडकांच्याच जंगलात काम मिळालं आहे. दोराने झाडाच्या शेंड्यापर्यंत चढायचं, तिथे मचाणावर बसून त्यांना पाहायचं. फोन दाखवला तो त्यासाठीच. "जाऊ काय?" तिने विचारलं आणि मी सांभाराच्या काड्या मोडत राहिले. मी इथे सेवाग्रामच्या दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात नर्स आहे. आंबे उतरवताना पडलेले, शेळीसाठी पाला तोडताना पडलेले, सगळे माझ्यासमोर येतात. आणि लेक एकच आहे. मला भीती वाटते माय, फार भीती वाटते.

मी नर्सिंग शिकायला निघाले तेव्हा तू एसटीच्या खिडकीचा गज धरून उभी होतीस. गाडी हलली तशी म्हणालीस, "जाय. येजो." आणि हात काढून घेतलास. इतक्या सहज सोडलंस म्हणून मला पार हिंगणघाट येईपर्यंत राग होता.

आज सकाळी लेकीला मीही तेच म्हटलं. "जाय. येजो." ती लहानपणीसारखी गळ्यात पडली. संध्याकाळी सरावासाठी आणलेला दोर तिने अंगणातल्या कडुनिंबाला बांधला आणि चहा ठेवायला आत गेली. मी इकडेतिकडे पाहिलं. गाठ ओढून पाहिली. मग पदर खोचला, दोर दोन्ही हातांनी धरला आणि पाय उचलून चक्क लोंबकळले. या वयात, माय! गाठ पक्की होती.

तू गेलीस, आता हे पत्र टाकायचं तरी कुठे, त्यामुळे तुझ्याकडून तिला कळायची भीती नाही. उद्या ती आंघोळीला गेली की परत एकदा ओढून बघणार आहे.