तांब्याचा वायसर

बा, तू विसरला असशीलच. चौदा नंबरचा पाना हातात धरून अंगणभर चौदा नंबरचा पाना शोधणारा माणूस तू. मेल्यावर तुझी आठवण सुधारली असेल असं मला काही वाटत नाही. तेव्हा सांगते, मी तुझी थोरली. सानगडीच्या रस्त्यावर मोहाच्या झाडाखाली तू ट्रक उघडून बसायचास आणि मागच्या चुलीवर जी भात रांधायची, ती मी. अक्षर तुलाही येत नव्हतं, मलाही नाही. मी बोलते आणि सून लिहिते. माझं ‘मले’ ती ‘मला’ करून टाकते, करू दे. भांडण माझं आहे, तिचा फक्त हात आहे.

तू शेवटी जोडलेला ट्रक अजून माझ्या दारात उभा आहे. माझा पोरगा त्यातून गिरणीवर धान नेतो. पूस महिना लागला, थंडी पडली आणि ट्रक सकाळी लागेनासा झाला. स्टार्टर फिरून फिरून बॅटरी बसायची, धुराचा ठिपका नाही. भंडाऱ्याहून मिस्त्री आला, त्यानं सगळे पाइप चाचपले, कुठे ओल सापडली नाही. “पंप गेला,” म्हणाला. “डिझेलले दाबच नाय. एवढ्या जुन्या गाडीले नवा पंप कायले टाकता? भंगारात द्या.” पोरानं मान हलवली आणि भंगारवाल्याला दुसऱ्या दिवशी सकाळचं बोलावलं. बा, तुझ्या हाताचं एवढं एकच काय ते उरलंय, आणि तेही किलोवर जाणार! मी बाज ओढली आणि ट्रकच्या तोंडाशी जाऊन बसले.

“माय, घरात जा. थंडी हाय.”

“थंडी मले नाय, तुह्या टरकाले वाजून राहिली. सांग, परवा तलावाच्या पारीवर उभा केला होता ना, तोंड खाली करून? सकाळी लागला का नाय?”

“उतारावर कोणताबी लागते, माय.”

“ढकलून का चाबीवर?”

“चाबीवर.”

“आन् इथं सपाटीवर हातपंप मारला का मंग?”

“मंग लागते. दिवसभर चालते. भरल्या गाडीनं चढबी चढते.”

“मंग पंप कसा गेला रे? मेलेला बैल दुपारी नांगर ओढते का?”

मिस्त्री हसला, पण पाना खाली ठेवून हसला. हे सगळं तुझंच, बा. मला शिकवलं मात्र नव्हतंस. झाडाखाली तू दुसऱ्यांच्या पोरांना सांगायचास आणि मी भात ढवळता ढवळता ऐकायची. टाकी आणि पंपाच्या मधे कुठे हवा शिरली की रात्रभरात डिझेल मागे टाकीत उतरतं. गाडीचं तोंड खाली असलं की टाकी वर राहते, मग ते उतरत नाही. आणि जिथून हवा आत जाते ती जागा कोरडीच असते, म्हणून ओल शोधणाऱ्याला ती सापडत नाही. मी पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा लावायला सांगितला. हातपंप मारून ट्रक सुरू केला, तर नळीत आधणासारखे बुडबुडे. सुनेनं पोळ्यांसाठी मळलेल्या कणकेतला गोळा आणला आणि टाकीच्या डोक्यावरच्या जोडावर थापला. बुडबुडे थांबले. मिस्त्री म्हणाला, “आजी, आता टरकाले पोळी चारता का?” म्हटलं, “तुले चारली असती, पण तुह्यानं काम नाय झालं.”

त्या जोडाचा बोल्ट खोलला तर आतला तांब्याचा वायसर दाबून दाबून दगड झालेला. आता घरात चूल नाही. मी तो सांडशीत धरून गॅसवर लाल केला आणि पाण्यात सोडला. चर्र झालं, आणि मी चौदा वर्षांची आहे.

तू वायसर माझ्या हातात देतोस, “चुलीत लाल कर, पाण्यात टाक, नरम होते,” आणि त्याच हातानं धाकट्याचं बोट धरून त्याला शाळेत घालायला निघतोस. मी म्हणते, मीपण येते. तू म्हणतोस, “मंग चूल कोण पाहीन?” दोन दिवसांनी गिरणीवाल्याचा धानानं भरलेला ट्रक सकाळी लागत नाही. तू पंप दोनदा उतरवतोस, दोनदा चढवतोस. मी म्हणते, “बा, पंपाले काहून छळतं? टाकीवरच्या बोल्टाचा वायसर पाय.” चार माणसांसमोर तू ओरडतोस, “तू भात पाय! टरक मी पाहीन.” दुपारी तू तोच बोल्ट उघडलास. पुढच्या बाजाराला भंडाऱ्याहून पितळेची डबी आणलीस, वायसर ठेवायला, आणि माझ्या पाटाशेजारी ठेवून निघून गेलास. ती डबी मी सासरी आणली. पोरीला कानानं गाडी कळते, असं तू नंतर लोकांना सांगायचास म्हणे. मला कधीच सांगितलं नाहीस.

काल सकाळी भंगारवाला आला. पोरानं चाबी फिरवली आणि ट्रक पहिल्या फेऱ्यात लागला. भंगारवाला चहा पिऊन रिकाम्या हातानं गेला.

हे पत्र पाठवायचं नाही, असं सुनेला आताच सांगितलंय. ती विचारते, काहून? कारण बा, तेव्हा मला कानानं काही कळलं नव्हतं. तो वायसर मी तापवलाच नव्हता. रागात तसाच गार तुझ्या हातात दिला होता आणि तू तो डोळे मिटून गिरणीवाल्याच्या ट्रकला बसवलास. डबी मी खोट्यानं घेतली. पण यंदाचा दोष माझा नव्हता, तरी तो मीच शोधला, बुडबुड्याबुडबुड्यानं. म्हणून आता डबी माझी. परत मागायची नाही.

आणि दर पितरांना मी तुझ्या पानात लाखोळीच्या डाळीचे वडे वाढते. यंदा तिथे आईला सांगून तूच पाठव. लसूण जास्त, मिरची हिरवी, आणि कावळ्याच्या हाती देऊ नकोस, तो वाटेतच खाईल.