एकदम सोडलेल्या गोळ्या

वेंडेल भाऊजी,

उन्हाळ्यात तुम्ही गार्थला म्हणालात, "वर्षभर फिट आली नाही, मग कशाला त्या गुंगीच्या गोळ्या गिळतोस?" डॉक्टरांना न विचारताच त्याने त्या एकदम सोडल्या. गेल्या आठवड्यात गोठ्यात फिट आली ती थांबेचना. ॲम्ब्युलन्स येईतो मी त्याला कुशीवर धरून बसले.

आता बरा आहे. डॉक्टरांनी बजावलंय, "गुंगी आली तर मला सांगा, डोस बदलू. पण मनाने बंद करू नका."

गव्हाची कापणी मीच करतेय. फार दमलेय. हे पत्र पोस्टात टाकणार होते, पण गार्थ म्हणाला, "नको गं, वेंडेल जिवाला लावून घेईल." म्हणून ते घरातच ठेवतेय.

तुमचा फोन आला की तो हसत बोलतो, आणि मी भांडी घासायला उठते.

तुमची वहिनी,
लॉर्ना