ऑक्टोबरात बाकावर ठेवलेली वही

प्रिय रोमेन,

मी, हार्लन ट्रॉक्सेल, वय वर्षे ब्याऐंशी, धंद्याने पुस्तकबांधणीकार, सध्या निवृत्त, शिक्षण इयत्ता चौथी अपूर्ण, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, असे लिहून देतो की तू ठेवलेल्या वहीची जी नासाडी झाली, तिचा दोष माझ्याकडे येत नाही. दोन वर्षे तू माझ्याशी बोललेली नाहीस; म्हणून हे कागदावर.

नियम तुला नवा नाही. ऑक्टोबर लागला की गावातले लोक नको झालेली जाड पुस्तके आपल्या पायरीखालच्या बाकावर आणून टाकतात, आणि त्यांतल्या एकाचे मी एकतीस तारखेच्या हॅलोविनसाठी, पोरांच्या त्या भुताखेतांच्या सणासाठी, जादूचे पुस्तक करतो. कोणी विचारत नाही, कोणी चिठ्ठी ठेवत नाही. त्या महिन्यात त्या बाकावर जे येते, ते कापण्यासाठीच येते. चेटकिणीची टोपी घालून त्याच बाकाशेजारी उभी राहून तू पोरांना गोळ्या वाटल्या आहेस. आणि बारा तारखेला, मी चर्चच्या न्याहारीला गेलेला असताना, तू ओहायोहून पाच तास गाडी हाकत येतेस, किराण्याच्या पिशवीच्या तपकिरी कागदाचे वेष्टन घातलेली वही तिथे ठेवतेस आणि मी परतण्याआधी निघून जातेस! समोरच्या क्लाइड मोयरने तुला पाहिले. त्याने ते मला आठवड्यानंतर सांगितले. म्हणे, "अरे, पोरगी म्हणाली, 'काका, सांगू नका हं, शिवण सुटलीय म्हणून बांधायला ठेवलीय, वही उघडली की त्यांना कळेलच.' मग मी तोंड शिवून बसलो." जन्मात कधी तोंड न मिटलेल्या माणसाला तोंड शिवायला हाच आठवडा सापडला.

काम कसे झाले तेही लिहितो, कारण काम निर्दोष झाले. पुढची बारा पाने मोकळी ठेवून उरलेल्या पानांच्या कडांना पांढरा गोंद पाण्यात पातळ करून तीन हात दिले आणि वही विटांखाली दोन दिवस दाबली. मग मधोमध चौकोनी खळगा कापला, विषाची बाटली आणि कोंबडीचे हाड बसवण्यासाठी. पुठ्ठ्यावर चुरगळलेला पातळ कागद चिकटवून सुरकुत्या उठवल्या, काळा रंग दिला, सुरकुत्यांच्या माथ्यांवर कोरड्या कुंचल्याने पितळी रंग फिरवला आणि मध्ये काचेचा डोळा बसवला. मोकळी पाने कॉफीत बुडवून वाळवली. इतके चांगले जादूचे पुस्तक माझ्या हातून पूर्वी झाले नव्हते.

एकोणीस तारखेला शेजारच्या आयडा एर्बबाई ते पाहायला आल्या. क्लाइडही फुकटच्या कॉफीसाठी हजर होता. बाईंनी डोळ्याचे कौतुक केले, पान उलटले आणि मंत्र म्हणावा तशा घोगऱ्या आवाजात वाचू लागल्या, "काकवी भरून भाजलेली पाई. हार्लन म्हणतो, त्याच्या आईची अधिक चांगली व्हायची. त्याच्या आईची करपायची. हे त्याला कधी कळू देऊ नये." क्लाइड खो खो हसला. म्हणाला, "काय रे, चेटकीण तुला ओळखते की!" बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुस्तक हळूच खाली ठेवले. म्हणाल्या, "अहो हार्लन, ही तुमची व्हर्ना आहे." मी त्यांना चष्मा पुसायला सांगितले. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा तेच वाचले, या वेळी वरच्या तारखेसकट.

शेवटच्या अकरा आठवड्यांत, उपचारांसाठी तुझ्याकडे असताना, तुझी आई ही वही लिहीत होती, हे तू मला सांगितले नाहीस. वहीची शिवण सुटली म्हणून ती माझ्याकडून बांधून घ्यावी, हे तुला सुचले. दार ठोठावणे सुचले नाही. आईच्या दफनानंतर तू म्हणालीस, "पॉप, तुमच्याने आता हे घर रेटवत नाही, वृद्धाश्रमात चला," आणि मी म्हणालो, "माझी पायरी पुन्हा चढू नकोस." तू ते शब्दशः पाळलेस. आज्ञाधारकपणा दाखवायला इतर प्रसंग नव्हते काय?

तू म्हणशील, "वही उघडली असती तर कळले असते." मी उघडली होती, रोमेन. कापण्याआधी प्रत्येक पुस्तक उघडून पाहणारा मी कारागीर आहे. आत जोडून काढलेली तिरकी अक्षरे दिसली आणि मी वही मिटली, जसे आयुष्यभर करत आलो. चौथीत ती अक्षरे शिकवायला सुरुवात झाली, त्याच महिन्यात वडिलांनी मला शाळेतून काढून बांधणीच्या कारखान्यात घातले. मला फक्त छापील, सुटी अक्षरे वाचता येतात. माझ्या वाढदिवसाच्या पत्रांतली सुटी अक्षरे पाहून तू हसायचीस, आणि मी म्हणायचो, ही कारागिराची शिस्त आहे. ती शिस्त नव्हती. तुझ्या आईला हे ठाऊक होते. एकोणपन्नास वर्षे, बाजाराच्या यादीपासून उशाशी ठेवलेल्या चिठ्ठीपर्यंत, माझ्यासाठी तिने प्रत्येक अक्षर सुटे काढले. म्हणून तिचे खरे हस्ताक्षर मी कधी पाहिलेच नाही, आणि ते समोर आले तेव्हा मी ते गोंदाने बंद केले. गेले चार दिवस किटलीची वाफ देऊन मी पाने सोडवतो आहे. एकशे चाळीसपैकी त्रेपन्न सुटली. खळग्यातून निघालेला एकही तुकडा टाकलेला नाही. ते सारे एका डब्यात आहेत. परंतु कोणता तुकडा कोणत्या पानाचा, हे ज्याला वाचता येते तोच सांगू शकेल. पायरीबद्दलचे माझे शब्द मी परत घेतो. एकतीस तारखेपूर्वी ये, आणि दार ठोठाव.

तुझाच,
पॉप

वही वाचली गेली तेव्हा हजर असलेले साक्षीदार: श्रीमती आयडा एर्ब, श्री. क्लाइड मोयर. वरील संपूर्ण मजकूर मी दोघांना मोठ्याने वाचून दाखवला आहे. क्लाइड हसला नाही.