बंद झालेल्या भागांत दादा

ती. दादास,

तुझ्या डाव्या गुडघ्याला आणि वहिनींच्या नव्या चष्म्याला वेगवेगळा नमस्कार. (उजव्या गुडघ्याची तक्रार नाही असं कळलं, म्हणून त्याला वगळलं आहे.) हे पत्र तुला 'आपण' घालून लिहायचं ठरवून बसलो होतो. तीन कागद फाडल्यावर लक्षात आलं, की तुला 'आपण' म्हटलं की समोर बँकेतला साहेब बसल्यासारखं वाटतं. तेव्हा 'तू'च. आदर आहे असं धरून चाल. माझा फोन तू उचलत नाहीस. पाकीट तरी उघडलं जाईल, कारण वर नाव वहिनींचं घातलं आहे.

आता मुद्द्यावर येतो. गुरुवारी आत्याचा फोन आला तो रडतच. दादाला काय झालं आणि आम्हाला कुणीच कसं कळवलं नाही? मी म्हटलं, काही झालेलं नाही, धडधाकट आहे. "मग दुकानाच्या वेबसाइटवर त्याचा फोटो 'बंद झालेले भाग' याच्या खाली कसा रे मेल्या?" एवढं बोलून तिने फोन आपटला. पाठोपाठ वहिनींचा एका ओळीचा निरोप : "यांनी वेबसाइट पाहिली. जेवले नाहीत." दादा, त्या दिवशी मीही जेवलो नाही. (संध्याकाळी खाल्लं. खोटं कशाला लिहू.) जे घडलं ते क्रमाने सांगतो. क्रमाने म्हटल्यावर तू कपाळाला हात लावशील, पण मला दुसरं काही येत नाही.

आपल्या दुकानाची वेबसाइट मी स्वतः बांधली. कुठला क्लास नाही, कुणाचं मार्गदर्शन नाही. पहिलं शिलाई मशीन जसं उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून शिकलो, तसंच हे. वेबसाइट बांधायचं एक तयार साधन मिळतं. त्यात डावीकडे सगळ्या पानांची यादी असते. यादीतलं पान माउसने धरून वर-खाली सरकवलं की मेनूत त्याची जागा बदलते. जरा उजवीकडे ढकललं की ते वरच्या पानाच्या पोटात जातं, आणि त्याच्या पोटात आणखी एक घालता येतं. हे कळलं त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो लग्नातही झाला नव्हता. (हे पत्र हिला दाखवणार नाही.) भिंतीवरचे चाळीस कप्पे मी जसे लावले, तसाच मेनू लावला. मशीनचा वरचा भाग, खालचा भाग, चालवणारा भाग. वरच्या भागात सुई, दोरा, ताण. ताणात स्प्रिंग, चकती, स्क्रू. एकोणीस दिवसांत चौसष्ट पानं झाली. समासात एका टिंबाचा फरक नाही. दुकानाचा फोन नंबर मी 'दुकान'मध्ये, 'कामाची पद्धत'मध्ये, 'येण्यापूर्वी वाचा'मध्ये सर्वांत शेवटी ठेवला, कारण माणसाने आधी वाचावं आणि मग फोन करावा, हे तर्काला धरून आहे. (त्या मांडणीत एकही फोन आला नाही, ही गोष्ट वेगळी.)

एवढं झाल्यावर मला वाटलं, तुझंही एक पान हवं. बावीस वर्षं एका टेबलाशी बसलो आपण. तू गेल्याला दोन वर्षं झाली म्हणून काय झालं? फोटो निवडला तो, ज्यात तू तोंडात स्क्रू धरून हसतो आहेस. मजकूर सहा वेळा लिहिला. नवं पान कोऱ्यापासून मांडण्यापेक्षा आधीच्या एखाद्या पानाची नक्कल काढावी, म्हणजे डावीकडे फोटो, उजवीकडे मजकूर अशी मांडणी आयती मिळते. सगळ्यात नेटकं पान होतं जुन्या मशीनमधल्या, खालचा दोरा धरणाऱ्या लांबट शटलचं. मी त्याची नक्कल काढली, शटल काढून तुला घातलं, मजकूर बदलला, शुद्धलेखन तपासलं, फोटोची चौकट दोन टिंबं डावीकडे घेतली आणि 'प्रकाशित करा' दाबलं. आता हे साधन असं आहे, की ज्या पानाची नक्कल काढाल त्याच्याच शेजारी, त्याच मथळ्याखाली ती नक्कल जाऊन बसते. शटल होतं 'बंद झालेले भाग' यात. शिवाय त्या मथळ्याखालच्या प्रत्येक पानाच्या तळाशी मी एक ओळ घातली होती, ती तुझ्याही तळाशी तशीच राहिली : 'हा भाग आता बनत नाही. जुना, चालू स्थितीतला कुणाकडे असल्यास कळवावे.' चार दिवस हे सगळ्या जगासमोर होतं. मी स्वल्पविराम तपासले, जागा तपासली नाही. माझ्यासारख्या माणसाकडून!

पण खरी फजिती त्यानंतरची. शुक्रवारी कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई मशीन घेऊन आल्या. खडखड आवाज करत होतं. मी म्हटलं, बाई, मशीन ठेवा बाजूला, आधी वेबसाइटवर बघा, सगळं तिथे आहे. (मला बघायचं होतं माणूस कसा वापरतो ते. घड्याळ लावून बसलो होतो.) अकरा मिनिटं त्या मोबाइलवर बोट फिरवत होत्या. मोबाइलवर सगळा मेनू तीन आडव्या रेघांत लपतो. त्या दाबल्या की एक यादी, यादीत बाण, बाणात यादी. त्या दोनदा स्प्रिंगपाशी पोचल्या आणि एकदा तुझ्यापाशी. मी म्हटलं, आवाज वरून येतो की खालून, एवढं ठरवलं की पुढचं सोपं आहे. त्या म्हणाल्या, "ते मला कळत असतं तर तुमच्या दारात कशाला आले असते?" मग मोबाइल टेबलावर ठेवून अगदी सावकाश म्हणाल्या, "मला नाही हो सापडत इथे काही. दादा होते तेव्हा नुसतं 'बघा जरा' म्हटलं की व्हायचं."

दादा, हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. तुझा तो सुट्या स्क्रू-स्प्रिंगांचा पत्र्याचा डबा, ज्यावर तू 'बाकीचं' असं लिहून चिकटवलं होतंस, तो मी तू गावाला गेलेला असताना ओतला आणि चाळीस कप्प्यांत वाटून टाकला. तू परत आलास, दहा मिनिटं कप्पे उघडलेस, मिटलेस, आणि म्हणालास, "मला इथे काही सापडत नाही. दुकान आता तुझं." मला तेव्हा वाटलं, तुला शिस्त नको आहे. आणि मी मागून ओरडलो, की चष्मा लावून बघ म्हणजे सापडेल. तू लेकीच्या गावी गेलास तो गेलासच. ते चष्म्याचं वाक्य मला कुठल्याच कप्प्यात ठेवता आलेलं नाही.

शिंपीणबाई गेल्यावर मी यादी उघडून बसलो आणि पानं मेनूतून काढत सुटलो. आता मेनूत चारच शब्द आहेत : 'मशीन बिघडलंय', 'फोन', 'पत्ता' आणि 'बाकीचं'. हिने मागून येऊन पाहिलं आणि म्हणाली, "हे तर दादांचं टेबल झालं की." काल दुपारपर्यंत सात फोन आले.

वहिनींना नमस्कार. आत्याला तू स्वतः फोन करून जिवंत असल्याचं कळव. माझ्यावर तिचा विश्वास राहिलेला नाही.

तुझा
मिलिमीटर
(तूच ठेवलेलं नाव. आता ग्राहकही याच नावाने हाक मारतात.)

ता.क. — तळाची ती ओळ काढून टाकली. काढण्यापूर्वी पुन्हा एकदा वाचली. जागा चुकली होती हे कबूल. ओळीत चूक सापडली नाही.

ता.क. २ — तुझं पान नव्याने मांडून ठेवलं आहे, स्वतंत्र, कुणाच्याही पोटात नाही. फक्त 'मेनूत दाखवा' या चौकोनात खूण केलेली नाही. ती तुझ्या हाताने व्हावी असं आहे. तिथून नाही, इथे बसून. स्टुलाची उंची तुझ्या गुडघ्याच्या हिशेबाने चार सेंटिमीटर वाढवली आहे.

ता.क. ३ — शिंपीणबाईंचं मशीन अजून खडखडतंच आहे. त्याला एक आखूड स्क्रू हवा आहे, जो तू न बघता काढून द्यायचास. चाळीस कप्पे तीनदा पाहिले. नाही सापडत. जाताना तू रागाने तो रिकामा डबा उचलून नेला होतास. (वहिनी त्यात काय ठेवतात कोण जाणे.) तो घेऊन ये. पोस्टाने नको, पोचा पडेल. सगळे कप्पे मी स्वतः त्यात परत ओततो.

(वॉशर सोडून.)