मागून येणारा डोंगा

नेलकुंटा, आलापल्लीमार्गे
९ मार्च २०२५

चि. दिव्यानीस,
भागीरथाआत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझे बाबा, वारलूदादा, एकदा म्हणाले होते, मागं पाहत डोंगा हाकणारा माणूस घरी नाई येत. तू तेव्हा डोंग्याच्या पोटात झोपण्याएवढी होतीस. काल अंगणवाडीच्या फोनवर शेजारच्या प्रफुलने तुझ्या नावांच्या शर्यतीचा व्हिडिओ पहिल्यांदाच दाखवला आणि ते वाक्य आठवलं. पोरी, तुम्ही तर पुढे पाठ करून वल्हवता! कलाबाई म्हणाली, हिले उलटं काऊन बसवलं, अन् ह्या नावेत मोहफुलाची एक टोपली तरी मावन का? सगळ्या पोट धरून हसलो. घरी आल्यावर मात्र मला जेवण गेलं नाही.

यंदाही आम्ही दादाला आणायला नदीवर गेलो. पुराने त्याला डोंग्यासकट नेलं तेव्हापासून दरवर्षी जातो. आपली रीत तुला ठाऊकच आहे. पाण्यात उभं राहून गेलेल्याचं नाव घ्यायचं, ओंजळीत जो मासा, जो किडा येईल त्यात आपलं माणूस आलं समजायचं आणि त्याला घरी पूर्वजांच्या मडक्यात न्यायचं. सुकलूचा बाप पहिल्याच हाकेला आला. जिवंतपणी कधी आला नव्हता, असं सुकलूच म्हणाला. दादा आला नाही. भरल्या नदीतही माझी ओंजळ रिकामी का राहते, हे मला कळत नाही.

अंडी खात जा. आठवण ठेव.
तुझी आत्या


भोपाळ, शिबिर
२३ मार्च २०२५

ती. आत्यास,
दिव्यानीचा सा. न. वि. वि.

फोन प्रशिक्षकांकडे जमा आहेत, म्हणून पत्र. उलटं बसलं की पायांचा जोर लागतो, असं कलाबाईला सांग. नाव एकटीचीच असते, टोपलीला जागा नाहीच.

बाबा येत नाहीत असं तू लिहिलंस, म्हणून आता सांगते. कोणाला वाचून दाखवू नकोस.

पहिल्या मोठ्या शर्यतीत माझा श्वास संपत आला तेव्हा मागे दूर एक डोंगा दिसला. झाड पोखरून केलेला, आपल्यासारखा. त्यात एक माणूस उभा होता. कोणी मासे धरणारा असेल असं वाटलं. पण शर्यतीच्या पाण्यात दुसऱ्या कोणाला सोडत नाहीत. मग कोरियातल्या शर्यतीतही तो आला. तिथे असा डोंगा कोण आणणार? सरावात तो कधीच येत नाही. शर्यतीत, आता जमत नाही असं वाटतं तेव्हाच येतो. बाकीच्या मुली मागे पडलेल्यांना पाहतात. मी त्याला पाहते आणि जीव घेऊन पळते. कांस्यपदक मी तसंच आणलं, आत्या.

दर वेळी तो आणखी जवळ येतो. गेल्या शर्यतीत डोक्याच्या दुपट्ट्याची गाठ दिसली. बाबाच बांधायचे तशी, कानामागे. पण ते माझ्याकडे पाहत नाहीत. माझ्यावरून पलीकडे पाहतात, जिथे माझी पाठ आहे. काहीतरी ओरडतात, आवाज पोचत नाही.

पुढच्या महिन्यात जपानची शर्यत आहे. ती जिंकायचीच आहे. तोपर्यंत त्यांना नदीवर बोलावू नकोस. ते घरी आले तर मी कोणापुढे पळू?

माया असू दे, रागावू नकोस.
तुझी दिव्यानी


नेलकुंटा
६ एप्रिल २०२५

चि. दिव्यानीस,
आत्याचा डोक्यावर हात.

पत्र चुलीपाशी वाचलं आणि भात लागला. रागावले नाही. इतकी वर्षं मी हाका मारत होते आणि तो पोरीमागे पाणी पालथं घालत होता, हे कळून आधी बरंच वाटलं. मग भीती वाटली. दादा उगाच ओरडणारा माणूस नव्हता. नदीत खडक असला, भोवरा असला, तरच तो ओरडायचा.

आणखी एक. सकाळी पूर्वजांचं मडकं झाडायला उतरवलं. त्याच्या तळाशी ओल होती. पाणी कोणी घातलेलं नाही. मी बोट बुडवून पाहिलं, गार होतं. आमच्या नदीचा वास नव्हता त्याला.

म्हणजे तो दाराशी आला आहे, पण आत येत नाही. त्याला हात देणारं कोणी हवं. माझ्या हाकेला तो आला नाही. तुझ्याजवळ तो आपण होऊन येतो, तर तूच त्याला ओंजळीत घेऊन ये.

तुझ्या तळहातांचे घट्टे मी पाहिलेत. या शर्यतीसाठी तू काय काय सोडलंस तेही मला ठाऊक आहे. मागच्या दिवाळीला तू घरी आली नाहीस, तेव्हा कलाबाईशी मी तुझ्या बाजूने भांडले होते. म्हणून हे मागायला जड जातं. विमानातून मासा कसा आणू, असं म्हणून तू आधी हसशील. किडाही चालतो. काहीच नाही आलं तर ओला रुमाल चालेल, मी सांभाळून घेईन. मग तू रागावशील, आणि नाई म्हणशील. तुझ्या वयात मीही नाहीच म्हटलं असतं.

तरी मागते. जपानच्या पाण्यात तो जवळ आला की वल्ही थांबव. बाकीच्या पुढे जातील, जाऊ दे. हात पाण्यात घाल, बापाला नाव घेऊन हाक मार, आणि मग एकदा मान वळवून पुढं काय आहे ते बघ.

तुझी आत्या