पेरलेल्या तिसऱ्या

गाल्मे, १६ मे

प्रिय ताई,

कशी आहेस? भावोजींची पाठदुखी आता उतारावर असेल. बो-राची परीक्षा संपली का? तिला म्हणावं, मावशी विचारत होती, आणि मार्क नको सांगूस, जेवतेस का तेवढं सांग.

पत्र बघून तू कपाळाला हात लावशील. फोन असताना ही काय पत्र लिहीत बसली, म्हणशील. फोन आहे गं. पण फोनवर तू नेहमी कुठल्या तरी बैठकीतून उठून बाहेर आलेली असतेस. मग मीच घाई करते, ‘सगळं ठीक’ म्हणते आणि ठेवून देते. गेल्या रविवारीही तेच केलं.

इकडे लसूण काढायला आलाय. समोरचं घर बंद झालं, म्हातारीला मुलगा घेऊन गेला. आता आमच्या गल्लीत रात्री दोनच दिवे दिसतात. शाळेत यंदा पहिलीला एकच मुलगी आली. ती बिचारी प्रार्थनेला एकटीच रांग लावून उभी राहते. मुख्याध्यापक मेंग सर तिलाही ‘रांग सरळ ठेवा’ म्हणतात.

तू विद्यापीठातून पाठवलेलं पत्र त्यांना मिळालं. या महिनाअखेर तू परदेशी पाहुण्यांना घेऊन येणार, सकाळी वर्ग बघणार, दुपारी मुलांबरोबर ओहोटीच्या चिखलात उतरून तिसऱ्या-शिंपल्या शोधणार. सरांनी ते पत्र सगळ्या शाळेपुढे वाचलं. फाटकावर नवी पाटी रंगवून घेतली, ‘समुद्र आमचा शिक्षक’. तुझ्याच पुस्तकातलं वाक्य आहे, ओळखलंस ना? आमच्या शाळेवर तू जे प्रकरण लिहिलंस, ते काचेत लावून दारातच टांगलंय. त्याच्याखालून गेल्याशिवाय कोणाला चपला काढता येत नाहीत.

थट्टा करते म्हणून रागावू नकोस. तुझ्या त्या ‘चिखलाच्या शाळे’च्या उपक्रमामुळेच आमची शाळा उरली, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. शहरातल्या शाळांच्या बसगाड्या येतात म्हणून शिक्षण खात्याने आम्हाला हात लावला नाही. नाहीतर आमची मुलं केव्हाच पहाटे उठून तालुक्याच्या बसमध्ये पेंगत बसली असती, आणि मीही कुठेतरी लांब बदलीवर असते. आईला सोडून.

तर आई.

तिला सर्दी झालीय असं मी रविवारी म्हटलं होतं. सर्दी नाही. ती तालुक्याच्या दवाखान्यात आहे. छातीत खाऱ्या पाण्याने सूज आलीय. ताप उतरतो आणि चढतो. डॉक्टर वयावर बोट ठेवतात. तुला कळवायचं नाही अशी तिने शपथ घातली, म्हणून गप्प बसले. आता ती शपथ मोडते आहे. का मोडते, ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

समुद्राला घातलेला बांध पुरा झाल्यानंतर तू दोनदाच घरी आलीस, बाबा गेले तेव्हा आणि त्यांच्या वर्षश्राद्धाला. दोन्ही वेळा थंडी होती, चिखल बर्फाखाली होता. तुला तो दिसलाच नाही. ताई, त्या चिखलात आता काही नाही. बांधाने प्रवाह अडला, वर काळा मऊ गाळ बसला. आधी खेकडे गेले, मग तिसऱ्या. बायकांनी चिखलावर सरकायच्या फळ्या गोठ्यात उभ्या करून ठेवल्या. एक आपली आई सोडून.

बसगाड्या यायला लागल्या त्याच वर्षी शहरातली मुलं तासभर खणून रिकाम्या बादल्या घेऊन बसली. एक मुलगा रडलाच. मेंग सरांचा चेहरा पडला. आई तिथेच होती. घरी येऊन मला म्हणाली, ‘ताईचं नाव आहे गं यात. असं कसं चालेल?’ पुढच्या खेपेला तिने बाजारातून तिसऱ्यांचं पोतं आणलं आणि ओहोटी लागताच फळीवरून जाऊन चिखलात पुरून आली. त्यानंतर प्रत्येक खेपेला तेच. पोत्याचे पैसे शाळा देते, ‘शैक्षणिक साहित्य’ म्हणून. मी एकदा म्हटलं, आई, हे बरं नव्हे. तर म्हणते, ‘तुम्ही बाजारातून खडू आणता ते चालतं, मी तिसऱ्या आणल्या तर पाप?’ तिच्याशी कोण वाद घालणार. आणि खरं सांगू, मला नोकरीही हवी होती.

गेल्या गुरुवारी शहरातली एक शाळा यायची होती. आई लवकर उतरली. बांधाकडचा गाळ इतका मऊ झालाय हे तिच्या ध्यानात आलं नाही. फळी कलली आणि ती कमरेपर्यंत रुतली. सुटायची धडपड केली तशी तोंडावर आपटली, गाळ आणि पाणी छातीत गेलं. दा-सोमचे आजोबा शेतावर चालले होते, त्यांनी दोर टाकून तिला ओढून काढलं. दा-सोम म्हणजे माझ्या पाचवीतली, दोन वेण्यांची. आजोबा सांगत होते, ‘तुमची आई पोतं सोडेना. मी ओरडतोय, अहो हात द्या, आणि ही बाई म्हणते, आधी हे घ्या.’

मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. वाटेत सुचलं की आता बस येईल आणि चिखल रिकामा असेल. लाज वाटते, पण सुटल्यासारखंच वाटलं. एकदाचं उघडं पडेल आणि निदान मला काही बोलावं लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले तर मेंग सर खुशीत. म्हणे, कार्यक्रम छान झाला. मुलांना बादलीभर मिळाल्या. मी विचारलं, पेरल्या कोणी? ते म्हणाले, ‘मला काय माहीत, असतील तिथे थोड्या.’ आणि कागद चाळायला लागले.

दुपारी दा-सोम माझ्या टेबलापाशी आली. ‘बाई, आजी बऱ्या आहेत का?’

म्हटलं, ‘आहेत.’

‘त्यांना सांगा, काळजी करू नका. आम्ही लावल्या.’

‘काय लावल्या?’

‘तिसऱ्या. पोतं आमच्याच अंगणात होतं ना. मी आणि सहावीतल्या मुलींनी मिळून लावल्या. बांधाकडे नाही गेलो, अलीकडेच.’

मी विचारलं, तुम्हाला हे कोणी सांगितलं. ती हसायलाच लागली. ‘सांगायचं काय त्यात? पहिलीपासून माहितीये सगळ्यांना. बस आली की आधी आम्ही ओरडतो, सापडली सापडली, मग ती मुलं तिथे खणतात. मिन-सू जास्त ओरडतो, त्याला म्हटलं, एवढं नको, खोटं वाटतं.’

मी टेबलावरच्या वह्या उगाच सारख्या करायला लागले. तिला वाटलं, मी अजून काळजीत आहे. म्हणून मग तिने जरा वाकून, समजुतीच्या सुरात सांगितलं, ‘आजी ना, घाईत आडव्या टाकायच्या. पण तिसरी चिखलात उभी असते. तुमच्या ताईंच्या पुस्तकात चित्र आहे. आम्ही एकेक उभी रोवली. वर काडीने दोन-दोन भोकंही पाडली, श्वास घेतात तशी. शहरातल्या बाई म्हणाल्या, बघा मुलांनो, निसर्ग!’

ताई, ती पोर किती आनंदात होती म्हणून सांगू. शाबासकीसाठी उभी होती. आणि मी, तिची बाई, तिच्या डोक्यावर हात ठेवून ‘शहाणी आहेस’ म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? जे शिकवलं ते तिने मन लावून केलं होतं. आम्ही त्यांना समुद्र जपायला शिकवतोय असं तुला वाटतं, मला वाटतं, शासनाला वाटतं. मुलं शिकली ते हे. समुद्र मेला तरी पाहुण्यांना तो जिवंत कसा दाखवायचा, हे. आणि त्यात आपली मुलं फार हुशार निघाली.

मी मेंग सरांना म्हटलं, मुलांना खरं सांगू या, पाहुण्यांनाही रिकामा चिखल दाखवू, बांध दाखवू, तोच धडा. ते चिडले नाहीत. थकल्यासारखे म्हणाले, ‘ओक-जू बाई, खरं सांगायला शाळा तर राहिली पाहिजे.’ त्यांचंही चुकत नाही. हेच तर वाईट आहे, इथे कोणाचंच एकट्याचं चुकत नाही. तुझंही नाही म्हणेन मी. पण तुला राग यायला हवा, निदान एकदा. मला तर आता तोही येत नाही.

आईला शुद्ध असते तेव्हा ती एकच विचारते, ‘ताईच्या पाहुण्यांचं काय?’ मी म्हणते, झालं सगळं. मग तिला झोप लागते. तू आलीस तर तिला बरं वाटेल. कदाचित तेवढ्यासाठीच यावंस, पाहुण्यांच्या आधी, एकटीने.

आज सकाळी सहावीतल्या मुली रांगेने माझ्या वर्गात आल्या. परदेशी पाहुण्यांसाठी मोठ्या तिसऱ्या आणायच्या की नेहमीच्याच, विचारत होत्या. पाहुणे उंच असतील, त्यांना लहान दिसणार नाहीत, असं दा-सोमचं म्हणणं. मी त्यांना सांगितलं, ताई येतील, त्यांना विचारू. मुली खूश होऊन गेल्या. आता त्या तुझी वाट बघतायत.

त्यांना काय सांगायचं ते तू सांग. मला ते तोंडाने सांगता येत नाही.

तुझी,
ओक-जू